आयोवातील तेरा बालके : शीघ्र हस्तक्षेपाच्या इतिहासातील एक प्रकरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अपंग बालकांच्या शिक्षणासंबंधीच्या कायद्यात १९८६ साली एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. तिच्या अन्वये जन्मापासून तिसरा वाढदिवस होईपर्यंतच्या बालकांसाठी प्रत्येक राज्याने सेवांची स्वतंत्र व्यवस्था उभारावी अशी तरतूद करण्यात आली आणि तिला केंद्र सरकारच्या अनुदानाची जोड मिळाली. कायद्याच्या आरंभीच त्याचे चार हेतू नमूद आहेत : अपंग तान्ह्या बालकांचा विकास वाढविणे, पुढे शाळेच्या वयात त्यांच्या शिक्षणावर होणारा खर्च कमी करणे, ह्या व्यक्तींना जन्मभर संस्थांत ठेवण्याची पाळी येऊ न देणे, आणि अशा बालकांच्या गरजा भागविण्याची कुटुंबाची शक्ती वाढविणे. ह्या चार हेतूंपैकी पहिले तीन ज्या पुराव्याच्या बळावर विधिमंडळापुढे येऊ शकले, त्या पुराव्याचा उगम शोधू गेल्यास आयोवा राज्यातील एका अनाथाश्रमापर्यंत आणि तेथून मंदबुद्धी स्त्रियांच्या एका निवासी विभागापर्यंत जावे लागते. हा उगम कसा होता, त्याची उपेक्षा का झाली आणि अखेर तो मान्य कसा झाला, ह्याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे. 'मंदबुद्धी' हा शब्द येथे वापरला आहे तो त्या काळच्या दप्तरांतील संज्ञा म्हणून. आज तो कोणी वापरीत नाही, आणि तो सोडला गेला ह्यालाही पुढे येणारी हकीकत काही अंशी कारण झाली आहे.

अपंग बालकाला लहान वयात शिकविता येते ही कल्पना आयोवात जन्मली असे मात्र नव्हे. १८०० साली पॅरिसमध्ये आणल्या गेलेल्या रानटी मुलावर इतारने घेतलेले परिश्रम, त्याचा शिष्य सेगँ ह्याने इंद्रियशिक्षणाची बांधलेली पद्धती, आणि सेगँचे ग्रंथ अभ्यासून रोममधील मंदबुद्धी मुलांवर प्रयोग करणाऱ्या व पुढे १९०७ साली सान लोरेन्झोच्या वस्तीत सामान्य मुलांसाठी 'बालगृह' उघडणाऱ्या मारिया माँटेसोरी ही परंपरा सुपरिचित आहे. माँटेसोरी पद्धतीची साधने मुळात अपंग मुलांसाठी तयार झाली आणि तेथून सामान्य बालकांकडे आली, ही गोष्ट मराठी वाचकांस ताराबाई मोडक यांच्या कार्यामुळे फार अपरिचित असू नये. तथापि ह्या परंपरेत एक उणीव होती. इतार, सेगँ वा माँटेसोरी यांनी आपापल्या मुलांत झालेला फरक वर्णन केला, पण ज्यांना असे शिक्षण मिळाले नाही अशा मुलांचे काय झाले हे त्यांच्या शेजारी मांडून दाखविले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मापनशास्त्राचे युग आल्यावर ही उणीव फार जाणवू लागली.

बुद्धिमापनाचा जनक बिने. त्याने १९०५ साली आपली पहिली श्रेणी प्रसिद्ध केली ती पॅरिसच्या शाळांत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळे शिक्षण देता यावे म्हणून. बुद्धी ही न बदलणारी राशी आहे असे तो मानीत नसे. १९०९ च्या ग्रंथात त्याने ह्या मताचा निषेधच केला आहे. परंतु श्रेणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचली तेव्हा तिच्याबरोबर हा विवेक पोचला नाही. गॉडर्ड व टर्मन यांच्या हाती बुद्ध्यंक ही जन्मजात, आनुवंशिक आणि आयुष्यभर स्थिर राहणारी गोष्ट बनली. ह्या मताला राज्यसत्तेची साथ मिळाली. आयोवात १९११ सालीच वंध्यीकरणाचा कायदा झाला होता आणि संस्थांतील रहिवासी त्याच्या कक्षेत येत होते. मंदबुद्धीचे निदान हे अशा रीतीने वैद्यकीय मत न राहता एक प्रकारचा न्यायनिवाडा झाले होते. त्यावर अपील नव्हते. ग्लेनवुड येथील राज्याच्या मंदबुद्धी आश्रमात १८९८ साली आठ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. १९५७ साली, तो साठी ओलांडून गेला असताना, त्याची चाचणी घेण्यात आली तेव्हा त्याचा बुद्ध्यंक १२० भरला. एवढे एक उदाहरण त्या काळाची कल्पना येण्यास पुरेसे आहे. आपल्याकडेही ह्याच सुमारास बिने-श्रेणीचे मराठी व कानडी भाषिक मुलांसाठी रूपांतर करून वि. वि. कामत यांनी बुद्धिमापनाचा पाया घातला, हे येथे जाता जाता नमूद केले पाहिजे. कारण आयोवातील वाद हा केवळ अमेरिकेच्या घरचा वाद नव्हता, ते मोजमाप जेथे जेथे गेले तेथे तेथे तो प्रश्न गेला.

आयोवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हे राज्य मक्याचे आणि डुकरांचे. कोरा बसी हिलिस ह्या बाईंनी तेथील विधिमंडळाकडे अनेक वर्षे एकच मुद्दा लावून धरला होता : शास्त्रीय संशोधनाने मका आणि डुकरे सुधारता येतात, तर मुले का सुधारता येऊ नयेत ? शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना हा युक्तिवाद कळण्यासारखा होता. १९१७ साली आयोवा विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्राची स्थापना झाली. अमेरिकेतील अशा प्रकारची ही पहिली संस्था मानली जाते. पुढे जॉर्ज स्टॉडर्ड यांच्या संचालकत्वाखाली बेथ वेलमन, मारी स्कोडॅक आणि हॅरल्ड स्कील्स ही मंडळी तेथे काम करू लागली. ह्यांपैकी स्कील्स हे एकाच वेळी विद्यापीठाचे संशोधक आणि राज्याच्या संस्थांचे मानसशास्त्रज्ञ होते. ही दुहेरी नेमणूक कारभाराच्या सोयीसाठी झालेली होती; पण तिच्यामुळेच एकाच माणसाला अनाथाश्रम आणि मंदबुद्धी आश्रम ह्या दोन्ही दारांतून आत जाता आले.

अनाथाश्रम डेव्हनपोर्ट येथे होता. यादवी युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी तो स्थापन झाला होता आणि त्याच्या नावात सैनिकांचा उल्लेख तसाच राहिला होता. मंदीच्या काळात तेथे गर्दी झाली. स्कील्स यांनी तेथील तान्ह्या मुलांची राहणी तपशिलाने लिहून ठेवली आहे. सहा महिन्यांपर्यंतची बालके रुग्णालयाच्या खोलीत, चहूबाजूंनी पांढरे कापड लावलेल्या पाळण्यांत असत. त्या कापडामुळे शेजारच्या पाळण्यातले मूलही दिसत नसे. खेळणी जवळजवळ नव्हती. दूध, लंगोट आणि औषध यांपुरताच माणसाचा हात लागे. सहा महिन्यांनंतर मोठ्या पाळण्यांच्या लहान खोल्यांत त्यांची रवानगी होई. दोन वर्षांची झाली की तीस-पस्तीस मुलांच्या एका कॉटेजमध्ये, एका मातृकेच्या आणि तिच्या हाताखालच्या तीन-चार अशिक्षित मुलींच्या देखरेखीखाली ती येत. कोणी क्रूर होते असे नव्हे. मुले स्वच्छ होती, पोटभर जेवत होती. नेमके हेच ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण शरीराच्या गरजा भागल्यावर मुलाला आणखी कशाची गरज उरते का, हा प्रश्न त्या व्यवस्थेला कधी पडलाच नव्हता.

तेथील दोन मुलींच्या संबंधात पहिली घटना घडली. एक तेरा महिन्यांची, दुसरी सोळा महिन्यांची. दोघी किरकोळ, निस्तेज. एका जागी बसून पुढेमागे डोलत राहणाऱ्या. चाचणीत एकीचा बुद्ध्यंक ४६ आणि दुसरीचा ३५ आला. अशा मुलांना दत्तक देण्याची रीत नव्हती; म्हणून दोन महिन्यांनी त्यांना मंदबुद्धी आश्रमात पाठविण्यात आले. हा प्रयोग नव्हता; नित्याचा कारभार होता. सहा महिन्यांनी स्कील्स त्या आश्रमाच्या फेरीवर गेले असता त्यांना दोन हसऱ्या, धावणाऱ्या, चौकस मुली दिसल्या आणि त्या त्याच दोघी आहेत हे त्यांना प्रथम ओळखता आले नाही. पुन्हा चाचणी घेतली. बुद्ध्यंक ७७ व ८७ भरले. स्कील्स यांचा स्वतःचाच ह्या आकड्यांवर विश्वास बसला नाही. त्यांनी मुलींना तेथेच ठेवून पुन्हापुन्हा मोजमाप केले. सुमारे साडेतीन वर्षांच्या वयात त्या दोघींचे बुद्ध्यंक ९५ व ९३ होते.

ह्या काळात त्यांच्या बाबतीत कोणता उपचार झाला होता ? औषध नाही, शिक्षक नाही, विशेष साधन नाही. ज्या विभागात त्या ठेवल्या गेल्या होत्या तेथे अठरा ते पन्नास वर्षे वयाच्या, पण पाच ते नऊ वर्षांचे मानसिक वय ठरविलेल्या स्त्रिया राहत होत्या. त्यांच्यात लहान मूल दुसरे नव्हते. त्या स्त्रियांनी ह्या दोघींना उचलून घेतले, त्यांच्याशी बोलल्या, त्यांना खेळविले, चालावयास शिकविले. परिचारिकाही सुटीच्या दिवशी त्यांना गावात घेऊन जात, चित्रांची पुस्तके आणि खेळणी आणून देत. प्रत्येक मुलीची कोणी एक 'आपली' बाई झाली होती.

स्कील्स यांनी येथून पुढे जे केले ते त्या काळी धाडसाचे होते. आश्रमाचे अधीक्षक हॅरल्ड डाय यांच्या सहकार्याने त्यांनी राज्याच्या मंडळाला असे पटविले की, आणखी काही मागासलेली बालके अनाथाश्रमातून मंदबुद्धी आश्रमात ठेवून पाहावी. सामान्य बुद्धी आणण्यासाठी मुलाला मंदबुद्धींच्या आश्रमात पाठवावे, हा प्रस्ताव ऐकणाऱ्यास चमत्कारिकच वाटला असणार. मुलांवर 'मंदबुद्धी' हा शिक्का कायमचा बसू नये म्हणून त्यांची नावे अनाथाश्रमाच्या पटावरच ठेवण्यात आली आणि आश्रमात ती 'पाहुणे' म्हणून राहिली. कागदोपत्री केलेली ही युक्ती लहान दिसते. पण तिच्यामुळेच त्यांतील बहुतेकांना पुढे घर मिळू शकले.

अशी एकूण तेरा बालके होती, दहा मुली व तीन मुलगे, सर्व तीन वर्षांच्या आतली. स्थलांतराच्या वेळी त्यांचे सरासरी वय १९ महिने आणि सरासरी बुद्ध्यंक ६४ होता. दर विभागात एखाददुसरेच मूल ठेवले जाई. कोणत्या विभागाचे मूल आधी चालते, आधी बोलते, ह्याविषयी विभागाविभागांत चढाओढ लागे. सरासरी दीड वर्षाच्या वास्तव्यानंतर बुद्ध्यंकात सरासरी २८ गुणांची वाढ झाली आणि तेराही मुलांत वाढच झाली. सर्वांत कमी ७, सर्वांत जास्त ५८. तेरांपैकी अकरा मुले दत्तक गेली.

तुलनेसाठी स्कील्स यांनी अनाथाश्रमातच राहिलेल्या बारा मुलांच्या नोंदी काढल्या. आरंभी हीच मुले सरस होती : सरासरी वय १६ महिने, सरासरी बुद्ध्यंक ८७. निरनिराळ्या कारणांनी ती दत्तक गेली नव्हती. सुमारे चार वर्षांच्या वयापर्यंत त्यांच्या बुद्ध्यंकात सरासरी २६ गुणांची घट होऊन तो ६० च्या आसपास आला होता. एका गटाने दुसऱ्याची जागा घेतली होती.

१९३९ साली स्कील्स व डाय यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि वादळ उठले. त्याच सुमारास वेलमन यांनी बालवाडीने बुद्ध्यंक वाढतो असे, आणि स्कोडॅक यांनी सामान्य कुवतीच्या मातांची मुले चांगल्या घरी दत्तक गेल्यास सरस निघतात असे मांडले होते. त्यामुळे टीका एका निबंधावर न राहता साऱ्या आयोवावर आली. स्टॅनफर्डचे टर्मन, मिनेसोटाच्या फ्लॉरेन्स गुडइनफ आणि संख्याशास्त्रज्ञ क्विन मॅक्नेमार हे आघाडीवर होते. मॅक्नेमार यांनी १९४० साली आयोवाच्या आकडेमोडीची ओळ न् ओळ तपासली. दुसऱ्या एका टीकाकाराने आपल्या लेखाच्या मथळ्यातच बुद्ध्यंकाला 'भटक्या' म्हणून आता त्याने स्थायिक व्हावे अशी सूचना केली. थट्टा बोचरी होती आणि ती लोकांच्या ध्यानात राहिली.

टीका निराधार होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तान्ह्या मुलांच्या चाचण्या फार बेभरवशाच्या असतात. एखाद्या दिवशीची झोप वा ताप गुणांत फरक करतो. अतिशय कमी गुण मिळालेली मुले निवडली, तर दुसऱ्या खेपेस त्यांचे गुण काही प्रमाणात आपोआपच वर येतात आणि जास्त गुण असलेल्यांचे खाली येतात, हा संख्याशास्त्राचा साधा नियम आहे. मुले चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेली नव्हती. तुलनेचा गट तर मागाहून जुळविलेला होता. तेरा आणि बारा ही संख्याही अगदी लहान. ह्या सर्व आक्षेपांत तथ्य होते. परंतु टीकाकारांच्या लेखणीला जी धार होती ती केवळ पद्धतीच्या आग्रहातून आलेली नव्हती. हेच आक्षेप काटेकोरपणे लावले असते, तर बुद्ध्यंक स्थिर असतो हे सिद्ध करणारे पुष्कळसे पुरावेही टिकले नसते. पण ते कोणी लावले नाहीत. शिवाय एक गोष्ट कोणालाच बोलावयाची नव्हती : शिकलेल्या दाया जे करू शकल्या नाहीत ते मंदबुद्धी ठरविलेल्या स्त्रियांनी केले, हे मान्य केले तर त्या स्त्रियांच्या निदानाविषयीही प्रश्न विचारावा लागला असता.

तो प्रश्न स्कील्स यांनीही विचारला नाही. त्यांच्या अहवालांत त्या स्त्रिया 'उत्तेजनाचे साधन' म्हणून येतात. त्यांची नावे नाहीत, त्यांच्यापैकी कोणाला आश्रमाबाहेर पडता आले की नाही ह्याची नोंद नाही, आणि ज्या मुलाला चालावयास शिकविले ते एके दिवशी दत्तक निघून गेल्यावर त्यांचे काय झाले हेही नाही. शीघ्र हस्तक्षेपाच्या इतिहासातील पहिल्या सेविका ह्याच होत. पुढच्या पन्नास वर्षांच्या साहित्यात 'मातेसमान एका व्यक्तीचा सहवास' ह्या शब्दांत त्यांचे कार्य राहिले, त्या राहिल्या नाहीत.

युद्धाने वाद मिटविला, म्हणजे बाजूला सारला. १९४२ साली स्टॉडर्ड आयोवा सोडून गेले. स्कील्स लष्करी सेवेत गेले आणि युद्धानंतर केंद्र सरकारच्या आरोग्यखात्यात नोकरीला लागले. बाल-संशोधनाशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटला. अपवाद एकच. १९४९ साली स्कोडॅक व स्कील्स यांनी शंभर दत्तक मुलांचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची चाचणी झाली होती त्या जन्मदात्या मातांचा सरासरी बुद्ध्यंक ८६ च्या आसपास होता, मुलांचा मात्र शंभराच्या वर गेला होता. त्याच वेळी, कोणते मूल वरचे आणि कोणते खालचे ही क्रमवारी दत्तक आईबापांपेक्षा जन्मदात्या मातेशी अधिक जुळत होती. आनुवंशिकतावादी आणि परिस्थितीवादी ह्या दोघांनीही हा निबंध आपापल्या बाजूने वापरला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे समजण्यास मानसशास्त्राला आणखी बराच काळ लागला.

१९६० नंतर हवा बदलली. मॅकव्हिकर हंट यांचा बुद्धी आणि अनुभव ह्या विषयावरील ग्रंथ १९६१ साली आणि बेंजामिन ब्लूम यांचा १९६४ साली निघाला. दोघांनीही आयोवाचे काम पुन्हा उजेडात आणले. त्यापूर्वी, १९५८ साली, सॅम्युएल कर्क यांनी इलिनॉयमध्ये ४५ ते ८० बुद्ध्यंकाच्या ८१ बालकांवर केलेल्या शालापूर्व शिक्षणाच्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता आणि त्यामागची प्रेरणाही तीच होती. अशा स्थितीत स्कील्स यांनी वीस वर्षांपूर्वीच्या त्या पंचवीस मुलांचा शोध घेण्याचे ठरविले. दत्तक गेलेल्यांची आडनावे बदललेली, मुली लग्न होऊन दूरच्या राज्यांत गेलेल्या, जुने पत्ते निरुपयोगी. तरीही त्यांनी सर्वांचा छडा लावला. १९६६ साली निघालेला त्यांचा प्रबंध हा ह्या शाखेतील सर्वांत अधिक उद्धृत होणाऱ्या लेखनांपैकी एक आहे.

आश्रमात 'पाहुणे' म्हणून राहिलेल्या तेराही जणांचे पोट स्वतःच्या श्रमावर चालत होते. कोणीही कोणत्याही संस्थेत नव्हते. त्यांच्या शालेय शिक्षणाची मध्यगा बारावी इयत्ता होती. चौघांनी महाविद्यालयाचे एक वा अधिक वर्ष पुरे केले होते, एक पदवीधर होता. अकरांची लग्ने झाली होती, नऊ जणांना मुले होती आणि त्या अठ्ठावीस मुलांचा सरासरी बुद्ध्यंक १०४ होता. अनाथाश्रमात राहिलेल्या बारांपैकी एक किशोरवयात आश्रमातच वारला होता. चौघे अजून संस्थांत होते, त्यांपैकी एक मनोरुग्णालयात. शिक्षणाची मध्यगा तिसरीच्या आत होती. जे बाहेर होते ते बहुतेक भांडी घासणे, आवार झाडणे अशा कामांवर होते. लग्न दोघांचेच झाले होते आणि त्यांतील एक मोडले होते. स्कील्स यांनी राज्याला पडलेला खर्चही काढला. पहिल्या गटातील तेरा व्यक्तींवर सुमारे ३१ हजार डॉलर खर्च झाला होता, दुसऱ्यातील बारांवर सुमारे १ लाख ३८ हजार. पुढे कायदेमंडळांपुढे बोलताना अनेकांना बुद्ध्यंकापेक्षा हाच आकडा अधिक उपयोगी पडला, ह्यात नवल नाही.

ह्या दुसऱ्या गटातील ज्याचे लग्न टिकले होते त्याची हकीकत स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. प्रबंधात तो एकोणिसावे प्रकरण म्हणून येतो. त्याला कमी ऐकू येत असे. लहानपणी तो काही काळ एका प्रयोगातील विशेष वर्गात होता, आणि पुढे ऐकण्याच्या दोषामुळेच त्याची रवानगी बधिरांच्या निवासी शाळेत झाली. तेथे तो सर्वांत लहान मुलांपैकी एक असल्याने वसतिगृहाच्या मातृकेचा त्याच्यावर लोभ जडला. तो मुद्रणालयात जुळारी झाला. त्याची मिळकत त्या गटात सर्वांहून पुष्कळ अधिक होती, घर चांगले होते, चारही मुले सामान्य बुद्धीची होती. ज्या व्यंगामुळे तो अधिक दुर्दैवी ठरावयाचा, त्यानेच त्याला त्या कॉटेजमधून बाहेर काढले. नमुना एकाचा; सिद्धांत त्यावर उभा राहू शकत नाही. पण दोन गटांच्या सरासऱ्या जे सांगतात त्याच्याशी ही हकीकत विसंगत नाही, एवढे खचित म्हणता येते.

१९६८ साली केनेडी प्रतिष्ठानाने स्कील्स यांचा आंतरराष्ट्रीय पुरस्काराने गौरव केला. तो त्यांच्या हाती देण्यासाठी त्या तेरांपैकीच एकाला, आता प्रौढ झालेल्या पदवीधराला, पाचारण करण्यात आले होते. दोन वर्षांनी स्कील्स निवर्तले.

प्रबंधाने वादाचा निकाल लागला असे मानण्याकडे नंतरच्या पाठ्यपुस्तकांचा कल आहे. तो घाईचा म्हटला पाहिजे. १९४० चे आक्षेप १९६६ साली जसेच्या तसे शिल्लक होते, आणि १९८१ साली लँगस्ट्रेथ यांनी ते पुन्हा मांडले. तेरांपैकी अकरांना पुढे दत्तक घर मिळाले. तेव्हा परिणाम आश्रमातील दीड वर्षाचा की नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांचा, हे ह्या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही. जे मूल अधिक सुधारले त्यालाच घर लवकर मिळाले, हेही संभवते. हा दोष दूर करावयाचा तर मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केली पाहिजे, आणि असे करणे कोणत्याही सुस्थित देशात नीतीला धरून झाले नसते. ती संधी, तिला संधी म्हणावयाचे तर, रुमानियात आली. हुकूमशाही कोसळल्यानंतर तेथील अनाथाश्रमांत हजारो बालके सापडली होती आणि त्यांना देण्यासारखी पालक-कुटुंबे जवळजवळ नव्हतीच. बुखारेस्ट येथे २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या संशोधनात ६ ते ३१ महिन्यांची १३६ बालके घेतली गेली. निम्म्यांसाठी चिठ्ठीने पालक-कुटुंबांची तजवीज झाली, उरलेल्यांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबांत गेलेल्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८१ आणि इतरांचा ७३ होता. कधीच संस्थेत न राहिलेल्या स्थानिक मुलांचा १०९. दोन वर्षांच्या आत ज्यांना कुटुंब मिळाले त्यांच्यात सुधारणा अधिक होती. आयोवातील दिशा खरी ठरली, परिमाण ठरले नाही. वाढ २८ गुणांची नव्हे, ८ गुणांची. आणि उशीर झाल्यास नुकसान पुरते भरून निघत नाही, ही गोष्ट स्कील्स यांच्या आकड्यांत दिसली नव्हती.

सेवांचा इतिहास संशोधनाच्या ह्या निकालाची वाट पाहत थांबला नाही. १९६८ साली अमेरिकेत अपंग बालकांच्या शालापूर्व शिक्षणाचे नमुना-प्रकल्प उभारण्यासाठी कायदा झाला. त्यांतून पुढील वर्षी विस्कॉन्सिनच्या ग्रामीण भागात निघालेला पोर्टेज प्रकल्प विशेष उल्लेखनीय आहे. विरळ वस्तीमुळे मुले केंद्रात आणणे शक्य नव्हते. म्हणून शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाई, आईला एखादी कृती करून दाखवी आणि पुढच्या आठवड्यात तिचा परिणाम पाही. गैरसोयीतून निघालेली ही रीत पुढे भारतासह अनेक देशांत स्वीकारली गेली. आयोवातील स्त्रियांचे काम येथे आईकडे आले, हा बदल नजरेआड होऊ नये. १९७५ च्या कायद्याने शालेय वयाच्या अपंग मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि १९८६ च्या दुरुस्तीने, निबंधाच्या आरंभी म्हटल्याप्रमाणे, तान्ह्या बालकांसाठी व्यवस्था झाली. तीत मुलाच्या नावे योजना न करता कुटुंबाच्या नावे सेवायोजना करावी असा दंडक आहे.

भारतात ह्या विचाराला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप यावयास २०१३ साल उजाडावे लागले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ त्या वर्षीच्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून जन्मजात व्यंगे, आजार, पोषणातील कमतरता आणि विकासातील विलंब हेरावयाचे, आणि ज्यांना गरज असेल त्यांना जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे, अशी त्याची योजना आहे. सहा वर्षांखालील मुलांची तपासणी फिरती पथके अंगणवाडीत जाऊन करतात. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पुढील वर्षी तेथे स्वतंत्र जिल्हा झाला, आणि ज्या बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी चालविली ती गावे त्याच जिल्ह्यात आहेत. कार्यक्रमाच्या आखणीत तपासणीच्या फेऱ्या, यादीतील विकार आणि केंद्रातील तज्ज्ञांची पदे तपशिलाने ठरविलेली आहेत. फेरी वर्षातून दोनदा होते. दोन फेऱ्यांच्या मधल्या सहा महिन्यांत ते मूल अंगणवाडी सेविकेजवळ आणि घरच्या बायकांजवळ असते.

डेव्हनपोर्टचा अनाथाश्रम १९७५ साली बंद झाला. ग्लेनवुडचा आश्रम नाव आणि रूप बदलून चालू राहिला होता. २०२४ साली तोही बंद करण्यात आला.